कळफलकाचा ढाळ : कचेरीतील एका उपेक्षित अंगाचा इतिहास

नागपूरच्या रामदासपेठेत आज बँकांच्या शाखा, रुग्णालयांचे नोंदणीकक्ष, लेखापालांची कार्यालये आणि विद्यापीठाचे ग्रंथालय अशी नाना प्रकारची लेखनस्थाने आहेत. त्यांपैकी कोणत्याही एका टेबलावरील संगणकाचा कळफलक उलटा करून पाहिला, तर बहुधा त्याच्या मागच्या कडेशी दोन लहान, मिटणारे पाय आढळतात. ते उघडले की कळफलकाची मागची बाजू सुमारे एक सेंटिमीटर उचलली जाते आणि कळांच्या ओळी लिहिणाऱ्याकडे किंचित झुकतात. ही योजना इतकी क्षुल्लक वाटते की ती वापरणाऱ्याला तिचे प्रयोजन विचारावेसे वाटत नाही. कोणी पाय उघडे ठेवतो, कोणी मिटतो. पुष्कळांचा एक पाय मोडलेला असतो व त्याखाली घडी घातलेला कागद सरकवलेला असतो. तथापि या दोन पायांच्या मागे शंभराहून अधिक वर्षांचा एक वाद उभा आहे. कळफलकाला ढाळ असावा की नसावा, असावा तर किती, आणि तो ठरविण्याचा अधिकार यंत्र घडविणाऱ्याचा की त्यावर दिवसभर बोटे चालविणाऱ्याचा, असा तो वाद होय.

लेखनसाधनांचा जो इतिहास मराठीत लिहिला गेला आहे तो प्रामुख्याने लिपीचा, मुद्रणाचा आणि खिळ्यांचा इतिहास आहे. नागरी टंकलेखनयंत्राविषयी जे लिहिले गेले त्यातही कोणते अक्षर कोणत्या कळेवर असावे हाच प्रश्न अग्रभागी राहिला. हे स्वाभाविक होते. लिपीला अभिमान चिकटलेला असतो, मनगटाला तो नसतो. प्रस्तुत निबंधात अक्षरांची जुळणी जेथे अपरिहार्य असेल तेवढीच विचारात घेतली असून मुख्य लक्ष कळफलकाच्या कलाकडे दिले आहे.

यंत्रापूर्वीच्या लेखनातही ढाळ होताच. मराठी दफ्तरातील कारकून जमिनीवर, बैठकीवर मांडी घालून बसे. एक गुडघा उभा करून त्यावर कागद धरावयाचा, अथवा समोर उतरत्या झाकणाचे बुटके डेस्क घेऊन त्यावर लिहावयाचे, या दोन पद्धती रूढ होत्या. नागपूरकर भोसल्यांच्या दफ्तरातील कारकून आणि इतवारीतील पेढीवरचा मुनीम यांचे व्यवसाय भिन्न, परंतु बसण्याची तऱ्हा एकच. उभ्या गुडघ्यावरील कागदाचा कल लेखक आपल्या सोयीने हवा तसा बदलू शके. पाय थोडा पुढे सरकविला की ढाळ कमी, जवळ घेतला की अधिक. लेखनपृष्ठाचा कल बदलण्याची पहिली यंत्रणा मनुष्याचा गुडघा ही होती, असे म्हणावयास हरकत नाही. डेस्कचा उतार मात्र सुताराने एकदा ठरविला की ठरला. त्या उताराची कारणे दोन होती. एक तर मान फारशी न वाकविता अक्षर डोळ्यांसमोर येई; दुसरे असे की, पृष्ठ उतरते असल्यास बोरू अधिक आडवा धरावा लागतो व शाई एकदम न उतरता संथपणे उतरते. म्हणजे येथे डोळ्याचे हित आणि हाताचे हित एकाच दिशेने जात होते. पुढे यंत्र आल्यावर या दोहोंची फारकत झाली, आणि तीच या इतिहासाची मुख्य गोष्ट आहे.

रामदास हे नाव लेखनकलेच्या इतिहासाला अपरिचित नाही. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला वाहिलेला असून त्यात अक्षराची समानता, ओळींमधील अंतर, समास आणि साधनांची सिद्धता यांचा बारीक विचार आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहिले तर ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, असा इशाराही तेथे आहे. लेखनाचा विचार करताना लेखकाच्या देहाचे वय लक्षात घेणारी ही दृष्टी टंकलेखनयंत्राच्या कारखानदारांना पुढे बराच काळ सुचली नाही.

मुद्रणालयातील जुळाऱ्याचे उदाहरणही येथे उपयुक्त आहे. त्याच्यासमोरील खिळ्यांच्या पेट्या उतरत्या चौकटीवर मांडलेल्या असत. नागरी जुळाऱ्याला इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे शेकड्यांनी मोजावे लागतील इतके खिळे हाताळावे लागत; साहजिकच पेट्यांचा विस्तार मोठा आणि वरच्या खणांपर्यंतची पोच लांब. चौकट उतरती नसती तर दूरचे खण दिसलेही नसते. परंतु जुळारी उभा राहून काम करी, त्याचा संपूर्ण हात खांद्यापासून फिरे, आणि मनगट एका जागी जखडलेले नसे. ढाळ डोळ्यासाठी आणि हालचाल खांद्यासाठी, अशी ही विभागणी होती. कळफलकावर हात स्थिर राहतो व फक्त बोटे धावतात. तेथे हा हिशेब लागू पडत नाही.

आता यंत्राकडे वळावयाचे. ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्याचे सहकारी यांनी १८६८ साली अमेरिकेत एकस्व मिळविले, १८७३ मध्ये रेमिंग्टन या बंदुका बनविणाऱ्या कारखान्याशी करार झाला व १८७४ पासून यंत्र बाजारात आले. तेव्हापासून कळफलकाच्या चार ओळी पायऱ्यांप्रमाणे मागे मागे चढत गेलेल्या आहेत. हा चढ कोणी हाताच्या सोयीचा विचार करून योजिला नव्हता. प्रत्येक कळ एका लांब तरफेच्या टोकाशी बसविलेली असते. तरफेचा टेकू यंत्राच्या मागील अंगास असतो. कळ दाबली की सांधे फिरून खिळादांडा उसळतो व फितीवर आपटतो. चार ओळींच्या तरफा एकमेकींत न अडकता शेजारी शेजारी बसवावयाच्या, तर त्यांची टोके निरनिराळ्या उंचीवर आणावी लागतात. त्यातून पायऱ्या निर्माण झाल्या. शिवाय खिळादांड्यांची टोपली, गाडा आणि रूळ हे सर्व मागे व वर असल्यामुळे कळफलक टेबलापासून बराच उंच राहिला. ढाळ हा यंत्ररचनेचा परिणाम होता, आणि तो बदलावयाचा तर यंत्रच मोडून नव्याने घडवावे लागले असते. १८९० नंतरच्या दशकात अंडरवुड यंत्राने समोरून आघात करण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा लिहिलेला मजकूर लिहितानाच दिसू लागला. ही फार मोठी सुधारणा होती. पण कळफलकाच्या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या.

ढाळ बदलता येत नाही म्हटल्यावर उरले दोन उपाय: टेबल आणि माणूस. टंकलेखनासाठी लिहिण्याच्या टेबलाहून बुटके टेबल करण्यात आले. आणि माणसाला शिकविण्यात आले की, दंडाचा खालचा भाग, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, कळफलकाच्या ढाळाशी समांतर ठेवावा. टंकलेखनाच्या शिक्षणक्रमांत हा नियम पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला आहे. नियम यंत्राच्या दृष्टीने तर्कशुद्ध आहे. कळफलक चढता, टेबल बुटके, कोपर खाली व हात चढता. मग मनगट जवळजवळ सरळ राहते. परंतु या नियमाची सारी भिस्त बुटक्या टेबलावर आहे, हे त्याच्यासोबत क्वचितच सांगितले जाई. टेबल उंच असले तर कोपर आधीच वर उचलले जाते, हात आडवा होतो, आणि चढत्या कळांवर बोटे टेकविण्यासाठी मनगट मागे मुडपावे लागते.

नागपूर हे या यंत्राच्या प्रसाराला अनुकूल असे शहर होते. १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर राजधानी झाले; १९०३ मध्ये वऱ्हाड त्या प्रशासनाला जोडला गेला; १९२३ मध्ये विद्यापीठ आणि १९३६ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले. सचिवालय, न्यायालय व विद्यापीठ ही तिन्ही टंकलेखनाची मोठी गिऱ्हाइके होत. या काळातील टंकलेखन मुख्यतः इंग्रजी होते. १९५० च्या राजभाषा अधिनियमाने त्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन भाषांना स्थान मिळाले, आणि नागरी यंत्रांचा प्रश्न एकदम व्यवहाराचा झाला. त्याच सुमारास डॉ. रघुवीर नागपुरास राहून प्रशासकीय परिभाषा घडवीत होते. परिभाषा तयार होत होती, पण ती छापील कागदावरून दैनंदिन पत्रव्यवहारात उतरावयाची तर ती टंकलिखित होणे आवश्यक होते.

यंत्राच्या मर्यादेचा लिपीवर झालेला परिणाम सुपरिचित आहे. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी चालविलेली लिपिशुद्धीची चळवळ, काका कालेलकरांचे लिपिसुधारणेचे कार्य, आणि १९३६ साली स्थापन झालेल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने आपल्या प्रकाशनांत वापरलेली ‘अि, अी, अु’ ही स्वरचिन्हे यांमागील एक प्रमुख हेतू हा होता की, थोड्या कळांत व थोड्या खिळ्यांत नागरी लिपी बसावी. यंत्राच्या कळा पंचेचाळिसाच्या आसपास, म्हणजे चिन्हे नव्वदाच्या घरात. आणि नागरीची गरज याहून कितीतरी मोठी. तेव्हा लिपीच कापावी की यंत्र वाढवावे, असा पेच पडला. या वादात पुष्कळ शाई खर्ची पडली. यंत्रावर बसणाऱ्याचा हात कसा राहील याचा विचार त्यात नाही. लिपीने यंत्रासमोर वाकावे की नाही यावर थोरांचे मतभेद झाले. मनगटाने वाकावे याविषयी मात्र सर्वांचे मौन म्हणजे संमतीच होती.

रेमिंग्टन पद्धतीच्या नागरी कळफलकाकडे या दृष्टीने पाहिले असता काही गोष्टी ध्यानात येतात. त्यावर बहुतेक व्यंजने अर्धी किंवा पूर्ण अशी विभागून बसविली असून काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, मधल्या ओळीत आहे. ही योजना उत्तम होय. कान्याइतके वारंवार येणारे चिन्ह सर्वांत बळकट बोटांपैकी एकाकडे दिले गेले. याउलट अनुस्वार, एक मात्रा, ऱ्हस्व उकार आणि दीर्घ ऊकार ही चिन्हे डाव्या हाताच्या करंगळीकडे व अनामिकेकडे आली. ही चिन्हे उमटताना गाडा पुढे सरकत नाही, कारण ती अक्षराच्या माथ्यावर अथवा पायथ्याशी बसावयाची असतात. मराठी गद्यात अनुस्वार आणि एकार किती वारंवार येतात हे सांगावयास नको; ‘आहे’ या एका क्रियापदावाचून परिच्छेद संपत नाही. ‘आहे’ लिहिण्यास अ, काना, ह आणि मात्रा असे चार आघात लागतात व शेवटचा आघात डाव्या अनामिकेचा असतो. उकारांच्या कळा तर वरच्या ओळीत आहेत. चढत्या पायऱ्यांवर करंगळी व अनामिका वर न्यावयाची, तर ती बोटे आखूड असल्यामुळे हात बाहेरच्या अंगाला वळवावा लागतो. म्हणजे मागे मुडपलेल्या मनगटाला आडवी मुरडही बसते. इंग्रजी टंकलेखकालाही हा त्रास आहेच, परंतु त्याच्या डाव्या करंगळीखाली जे अक्षर असते ते एकटे अक्षर आहे. मराठी लेखकाच्या त्याच दोन बोटांवर जवळजवळ प्रत्येक शब्दाचे शेपूट वा शिर येऊन पडते. महाराष्ट्र शासनाने लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीत ४० शब्द अशी वेगमर्यादा ठेवली, त्यात नागरी लेखनाच्या या अधिक श्रमाची एक प्रकारे कबुलीच आहे. अर्थात ही तफावत ढाळामुळे आलेली नाही. आघातांच्या संख्येमुळे व चिन्हांच्या विभागणीमुळे ती आली. ढाळ तिच्यात भर घालतो इतकेच.

१९५५ साली गोदरेज आणि बॉइस यांनी मुंबईत संपूर्ण देशी टंकलेखनयंत्र तयार केले. त्या वर्षीच्या आवडी येथील काँग्रेस अधिवेशनात ते प्रदर्शित झाले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, नागपूरचे राजधानीपण गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षीच्या ६ जुलैला भाषा संचालनालय स्थापन झाले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. तो २६ जानेवारी १९६५ पासून अंमलात आला. येथून पुढे मराठी यंत्रांची मागणी वाढत गेली आणि गावोगाव टंकलेखनसंस्था निघाल्या. हजारो मुलामुलींना, विशेषतः मध्यमवर्गीय घरांतील मुलींना, या यंत्राने नोकरीचे दार उघडून दिले. विदर्भातील सामाजिक इतिहासात या संस्थांचे स्थान महाविद्यालयांच्या खालोखाल मानावे लागेल. यंत्र मात्र कळांच्या ढाळाच्या बाबतीत शोल्सच्या यंत्राचाच वंशज होते.

ढाळाचा शास्त्रीय विचार परदेशात या सुमाराच्या आधीच सुरू झाला होता. १९२६ मध्ये जर्मनीत क्लॉकेनबर्ग याने टंकलेखनयंत्राच्या सुधारणेवर ग्रंथ लिहून असे सुचविले की, कळफलकाचे दोन भाग करून ते डाव्या-उजव्या अंगांना उतरते करावेत, म्हणजे तळवे जमिनीकडे पालथे करावे लागणार नाहीत. हा आडव्या दिशेचा ढाळ होता. त्याच्या सूचनेकडे बाजाराने पाठ फिरविली. पुढे १९७२ साली क्रोमर याने तीच कल्पना प्रयोगांनी तपासली. मागे-पुढे जाणाऱ्या नेहमीच्या ढाळाविषयी अधिक महत्त्वाचा प्रयोग १९५४ मध्ये अमेरिकेत झाला. स्केल्स आणि चापॅनिस यांनी दूरध्वनिकेंद्रात अंक पाठविणाऱ्या चालकांचा कळसंच शून्यापासून चाळीस अंशांपर्यंत पाच-पाच अंशांनी कलता करून पाहिला. निष्कर्ष मोठा मार्मिक निघाला: वेगात व चुकांत लक्षणीय फरक पडला नाही, परंतु काम करणाऱ्यांना सपाट कळसंचापेक्षा काहीतरी ढाळ असलेला कळसंच आवडला, आणि त्यांपैकी सुमारे निम्म्यांची पसंती पंधरा ते पंचवीस अंशांच्या दरम्यान होती.

या प्रयोगाचा अर्थ लावताना पुष्कळांची गल्लत झालेली दिसते. कामगिरीत फरक नाही, म्हणून ढाळ कसाही चालेल, असा एक अर्थ निघतो. पसंती ढाळाला आहे, म्हणून ढाळ आरोग्याला हितकर, असा दुसरा. दोन्ही अपुरे होत. थोड्या तासांच्या प्रयोगात मनुष्य आपला वेग टिकवून धरतो; त्याची किंमत शरीर पुढे काही वर्षांनी चुकते करते. आणि पसंती ही सवयीची मुलगी आहे. ज्यांनी उभ्या आयुष्यात सपाट कळफलक पाहिला नाही त्यांना तो प्रथम परकाच वाटणार. तथापि पसंतीला केवळ सवय म्हणून उडवून लावणेही योग्य नाही. ढाळामुळे कळा दिसतात, आणि ज्याला कळा पाहाव्या लागतात त्याच्या दृष्टीने हे लहानसहान सुख नव्हे.

खरी क्रांती झाली ती कळफलक यंत्रापासून सुटा झाला तेव्हा. विजेच्या संकेतावर चालणाऱ्या कळफलकात तरफा नाहीत, खिळादांडे नाहीत; कळ आणि अक्षर यांच्यामध्ये फक्त तार आहे. पायऱ्यांचे यांत्रिक कारणच नाहीसे झाले. १९७० नंतरच्या दशकात दृश्यपटल व कळफलक वेगळे असलेली उपकरणे कचेऱ्यांत येऊ लागली. डिजिटल कंपनीचे १९७८ चे व्हीटी-१०० हे त्यांतले प्रसिद्ध उदाहरण. आता ढाळ किती ठेवावा हे प्रथमच माणसाच्या मर्जीवर आले. त्याबरोबर तक्रारीही आल्या. कामगार संघटनांनी पटलावरील कामाच्या दुष्परिणामांचा प्रश्न युरोपात लावून धरला, आणि १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात मनगट व हात यांच्या विकारांच्या तक्रारींची एक लाटच उसळली. पश्चिम जर्मनीच्या मानकाने असे बंधन घातले की, कळफलकाच्या मधल्या ओळीची उंची टेबलापासून तीस मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. जगभरच्या उत्पादकांना जर्मन बाजारपेठ गमवावयाची नव्हती. त्यामुळे कळफलक एकाएकी पातळ झाले. एका देशाच्या मानकाने साऱ्या जगाच्या टेबलावरील वस्तूचा आकार बदलावा, याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

परंतु पातळ कळफलक सर्वांना रुचला नाही. आयबीएम कंपनीतील एमन्स आणि हर्श यांनी १९८२ मध्ये पाच, बारा व अठरा अंशांच्या कळफलकांची तुलना करून दाखविले की, अधिक ढाळाच्या कळफलकांवर वेग थोडा अधिक मिळतो. मग तडजोड निघाली: मूळ कळफलक मानकाप्रमाणे सखल ठेवावयाचा आणि ज्याला ढाळ हवा त्याच्यासाठी पाय द्यावयाचे. मानकाचे पालन पाय मिटलेले असताना होते, पसंतीचे समाधान पाय उघडल्यावर. आज प्रत्येक कळफलकाखाली दिसणारी योजना ही अशा रीतीने शास्त्राच्या निर्णयापेक्षा तहाचे कलम अधिक आहे.

या यंत्रणेचे प्रकारही थोडे पाहिले पाहिजेत. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकाच्या जड कळफलकाला दोन्ही बाजूंना गोल मुठी होत्या. त्या फिरविल्या की खालून पाय बाहेर येत. पुढे बिजागरीवर उघडणारे मिटते पाय रूढ झाले, कारण ते स्वस्त होते. काही कळफलकांना दोन उंचींचे दुहेरी पाय असतात. फिरणाऱ्या मुठीची रचना भक्कम, पण तिला सुटे भाग अधिक. मिटत्या पायाला प्लॅस्टिकचा एकच तुकडा पुरतो, मात्र कळफलक पुढे ढकलला गेला की सारा जोर त्या बिजागरीवर येतो आणि ती तुटते. पायाच्या टोकाचे रबर गळून पडले की कळफलक टेबलावर घसरू लागतो, आणि घसरणारा कळफलक स्थिर ठेवण्यासाठी लेखक नकळत तळहाताचा भार त्यावर टाकतो. हे ढाळापेक्षाही वाईट. आणखी एक साधा हिशेब लक्षात घ्यावयास हवा. कळफलकाची खोली पंधरा सेंटिमीटर धरली आणि मागची कड एक सेंटिमीटरने उचलली गेली, तर कल वाढतो तो जेमतेम चार अंशांनी. १९५४ च्या प्रयोगातील एक पायरीदेखील पाच अंशांची होती. ज्या पसंतीच्या आधारावर पाय दिले गेले ती पंधरा-पंचवीस अंशांची. पाय देतात ते त्याचा एक तुकडा. एवढ्या तुटपुंज्या फरकावरून एवढा वाद व्हावा याचे कारण मनगटाच्या रचनेत आहे.

मनगटाच्या तळव्याकडील अंगास हाडांनी आणि एका पट्टबंधाने बनलेला अरुंद बोगदा असून त्यातून बोटे मुडपणारे स्नायुरज्जू व एक मुख्य मज्जातंतू जातात. मनगट मागे मुडपले की बोगद्यातील दाब वाढतो. रेंपेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष टंकलेखन चालू असताना हा दाब मोजला असून त्यांचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी २००१ मध्ये मार्केट विद्यापीठातील सिमोनो व मार्कलिन यांनी दाखविले होते की, कळफलकाचा ढाळ लेखकाकडे झुकणाऱ्या पंधरा अंशांपासून उलट दिशेच्या पंधरा अंशांपर्यंत नेला तर मनगटाची मागील मुडप सरासरीने सुमारे तेरा अंशांनी कमी होते. म्हणजे कळफलक तीस अंश फिरला तेव्हा मनगट तेरा अंश सरळ झाले; उरलेला फरक बोटांनी व कोपराने पचविला. कॉर्नेल विद्यापीठातील ॲलन हेज आणि पॉवर्स यांनी तर १९९५ मध्येच उलट ढाळाच्या, म्हणजे लेखकापासून दूर उतरत जाणाऱ्या आधारफळीचा पुरस्कार केला होता. या मंडळींच्या दृष्टीने पाय द्यावयाचेच असतील तर ते कळफलकाच्या पुढच्या कडेला हवेत, मागच्या नव्हे. काही थोड्या उत्पादकांनी तसे केलेही आहे.

भारतात हा प्रश्न एका निराळ्या वाटेने आला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखली; संघटनांशी वाटाघाटी होत होत १९९० नंतर संगणक शाखाशाखांत पोहोचले. नागरी लिपीसाठी १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक सिद्ध झाला, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्राच्या द्वारे तो प्रत्यक्ष वापरात आणला. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, अशी तर्कशुद्ध वाटणी आहे. परंतु ज्यांनी रेमिंग्टन पद्धतीवर बोटे बसविली होती त्यांनी ती सवय सोडली नाही, व त्यांच्यासाठी जुन्या जुळणीचे टंक तयार झाले. गोदरेजच्या यंत्राचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. शासकीय परीक्षांतूनही पुढच्या दशकात हाताच्या यंत्राची जागा संगणकाने घेतली.

या स्थित्यंतरात जे हरवले ते बुटके टेबल. टंकलेखनयंत्र गेले तेव्हा त्याचे टेबलही भंगारात गेले, आणि संगणक मांडला गेला तो साहेबाच्या लिहिण्याच्या टेबलावर, ज्याची उंची सामान्यतः पंचाहत्तर सेंटिमीटरच्या आसपास असते. ही उंची कोणत्या देहासाठी, हे कोणी विचारले नाही. भारतीय स्त्रीपुरुषांची शरीरमापे एकत्र करणारा देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर आणि त्यानंतरही कचेरीचे सामान बहुतांशी परंपरागत मापांनीच घडत राहिले. परिणामी जुना टंकलेखक नव्या आसनावर बसला तो जुना नियम घेऊन: हात ढाळाशी समांतर ठेवावा, आणि ढाळ हवा म्हणून पाय उघडावे. उंच टेबलावर हा नियम उलटा फिरतो हे वर दाखविलेच आहे. ज्या शिस्तीने एका पिढीचे मनगट सांभाळले तीच शिस्त, टेबल बदलताच, पुढच्या पिढीच्या मनगटाला जाचक झाली. येथे दोष शिक्षकाचा नाही आणि शिष्याचाही नाही. नियमासोबत त्याची अट सांगितली गेली नाही एवढेच.

तरीही पाय सरसकट मिटावेत, असे म्हणणे नागरी लेखनाच्या बाबतीत घाईचे होईल. परदेशी संशोधनातील प्रयुक्त व्यक्ती बहुधा कळा न पाहता लिहिणाऱ्या सराईत इंग्रजी टंकलेखक असतात. मराठी लिहिणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग आज टंकलेखनाचे रीतसर शिक्षण न घेतलेला आहे. त्याच्यासमोरील कळांवर इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. नागरी अक्षरे असलीच तर एका कोपऱ्यात बारीक छापलेली, अथवा वरून चिकटविलेली व झिजलेली. त्याला प्रत्येक जोडाक्षरासाठी खाली पाहावे लागते. कळफलक सपाट वा उलट ढाळाचा केला तर दूरच्या ओळीवरील अक्षरे जवळच्या कळांआड जातात, मान अधिक वाकते, आणि मनगटाचा वाचलेला त्रास मानेच्या खात्यावर जमा होतो. जुळाऱ्याच्या पेट्या उतरत्या होत्या त्याच कारणाने हा लेखक पाय उघडतो. म्हणून कळफलकाचा ढाळ कमी करणे ही गोष्ट टंकलेखनाच्या शिक्षणापासून वेगळी काढता येत नाही. ज्याची बोटे कळा ओळखतात त्यालाच सपाट कळफलक परवडतो. मराठीत हे शिक्षण परीक्षेच्या निमित्ताने जेवढे दिले जाते तेवढेच होते. शाळेत हस्ताक्षराला जे महत्त्व एके काळी होते त्याचा शतांशही बोटांच्या सरावाला मिळालेला नाही.

अलीकडे रामदासपेठेतील कचेऱ्यांतही मांडीवरचा संगणक पुष्कळ दिसतो. त्यात कळफलक आणि पटल पुन्हा एकाच चौकटीत जखडले गेले असून ढाळाच्या दृष्टीने हे शोल्सच्या यंत्राकडे परतणेच होय: कल ठरलेला, उंची ठरलेली, आणि डोळ्याला सोईचे ते मनगटाला गैरसोईचे. पटल डोळ्यासमोर यावे म्हणून तो एखाद्या कलत्या घडवंचीवर ठेवला तर कळांचा ढाळ जुन्या टंकलेखनयंत्राइतका तीव्र होतो, आणि मग त्याला एक निराळा कळफलक जोडावा लागतो. त्या कळफलकाच्या मागच्या कडेला पुन्हा ते दोन पाय असतात.